सातवी खूण

मन्मथ,

तुला उत्तरेकडे तोंड करून बसवलं. खड्डा सकाळीच खणून ठेवला होता, कुंपणाच्या रेषेला धरून. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, हे मला माहीत होतं. तोंड कोणत्या दिशेला असावं यावर तुझ्या थोरल्या भावाचा एवढा कटाक्ष असेल हे माहीत नव्हतं. त्यांनी कडेला उभं राहून विचारलं, "उत्तर बराबर हाय का रे?" एकानं देवळाच्या शिखराकडे हात केला, दुसऱ्यानं विजेच्या खांबाकडे. तुझ्या खेळाच्या मंडळाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी नांदेडच्या हमीद मास्तरांनी खिशातलं होकायंत्र काढून माझ्या हातात दिलं. सुई थांबेपर्यंत मी तळहात सपाट धरून उभा राहिलो. कुंपण थोडं पूर्वेकडे झुकलेलं निघालं. पहार मागवून आतली एक कड खोदावी लागली, आणि तुला किंचित फिरवून पुन्हा बसवलं. मग विभूती, बेल आणि माती.

तुझी बातमी मी लिहिली नाही. आमच्या अंकात ती आतल्या पानावर आली, टँकरच्या बातमीखाली. दुसऱ्या एका पेपरानं मथळा दिला: 'नकाशावाल्या व्यापाऱ्याचा तहानेने अंत'. मथळा लोकांनी वाचला, एकमेकांना वाचून दाखवला. तो चूक आहे. कसा चूक आहे ते तुला सांगायची गरज नाही, पण ते कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो आहे.

आपली ओळखही बातमीनंच झाली. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून नुकताच वेगळा झाला होता. रोज कशाचं तरी उद्घाटन, जिथं जावं तिथं पाटीवर ओला रंग. खेळांच्या जिल्हा संघटना नव्यानं निघत होत्या. कबड्डीच्या अध्यक्षपदावरून भाऊबंदांत बोलणं बंद झालं होतं. तू मात्र गंजगोलाई बाजारातल्या कापड दुकानाच्या गादीवर बसून असा खेळ निवडलास, ज्यासाठी भांडायला दुसरा माणूस नव्हता. ओरिएंटिअरिंग. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना तू तो शिकला होतास. गावात कोणाच्या जिभेवर तो शब्द बसला नाही. लोक त्याला नकाशाची शर्यत म्हणू लागले आणि पुढे तूही तेच म्हणू लागलास.

संपादकांनी मला चार ओळी आणायला पाठवलं होतं. एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर गेलो. तिथं बँकेतले दोघं, सरकारी दवाखान्यातली एक नर्स, तुझ्या दुकानातला शिंपी आणि तू. बाभळीला भगव्या-पांढऱ्या कापडाचा तिकोनी झेंडा लटकत होता. तो दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचा आहे हे शिंप्यानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. नकाशावर लाल वर्तुळं होती. प्रत्येक वर्तुळाच्या जागी असा एक झेंडा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन झेंडे क्रमानं शोधायचे, वाट ज्याची त्यानं ठरवायची, झेंड्याला बांधलेल्या खडूनं कार्डावर खूण करायची आणि पुढं पळायचं. मी वही काढून हे सगळं लिहून घेतलं. तू वही बाजूला करून माझ्या हातात नकाशा दिलास.

मी तो सरळ धरला. अक्षरं वाचता येतील असा.

"पेपर न्हाई हे," तू म्हणालास. "अक्षरं उलटी झाली तर होऊ दे. आधी उत्तर लाव. नकाशातली उत्तर तिकडं, जमिनीची उत्तर जिकडं. मग पाऊल टाक."

मी नकाशा फिरवला. गावाचं नाव उलटं झालं आणि टेकडी जिथं दिसत होती तिथं नकाशातही आली. त्या दिवशी पहिल्या झेंड्यासाठी मी निघालो आणि दुसऱ्याच्याही पुढं जाऊन कोणाच्या तरी शेळ्यांत शिरलो. नर्सबाई सगळ्यांच्या आधी परत येऊन भुईमुगाच्या शेंगा खात बसल्या होत्या. मी पोचलो तेव्हा त्यांनी तुला विचारलं, "हे उद्या छापणार का, पत्रकार हरवला म्हणून?" तू म्हणालास, "छापंल की. पर ठिकाण चुकीचं टाकंल."

चार ओळी छापून आल्या. पुढच्या रविवारी मी पुन्हा आलो, वही न घेता. तेव्हापासून तू मला पेपरवाला म्हणत आलास. माझं नाव तुझ्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

नव्या माणसाला शिकवायची तुझी एक रीत होती. पहिले काही रविवार त्याला पळू द्यायचं नाहीस. आपण नकाशात जिथं आहोत तिथं अंगठा ठेवायचा आणि चालत राहायचं, अंगठाही सोबत सरकत राहायचा. मध्येच थांबवून विचारायचास, "आत्ता कुठं हायस?" माणूस आजूबाजूला बघून सांगू लागला की त्याच्या डोळ्यांसमोर हात आडवा धरायचास. "जमीन बघून सांगू नको. अंगठा कुठं हाय ते सांग." चुकला की रागवायचा नाहीस. त्याला परत मागच्या ओळखीच्या जागेपर्यंत चालवत न्यायचास, तुझं दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, मन्मथ, पण माझ्या दुष्काळाच्या बातम्या त्यामुळे बदलल्या. आधी मी जीपमधून तालुक्याला जायचो, तिथं जे सांगत ते लिहायचो. नंतर फाट्यावर उतरून चालत गावात जाऊ लागलो. टँकर कागदावर कुठं येतो आणि खरा कुठं थांबतो यातलं अंतर पायाखालून गेलं. संपादक म्हणाले, तुमच्या मजकुरात अलीकडे जागा दिसतात. मी फक्त हो म्हणालो. तुझं नाव घ्यायला हवं होतं.

लातूरचा माळ उघडा. नांदेडचं मंडळ त्यावरून आपल्याला टोचायचं. हमीद मास्तर, तिथल्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आणि त्या मंडळाचे चिटणीस, पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यात झाडच नाही मियाँ, हरवणार कसे?" तू म्हणालास, "जिल्हाच नवा हाय मास्तर, झाडं मागवलीत." पण ते मनाला लागलं तुझ्या. भोकरच्या पलीकडच्या सागाच्या टेकड्यांचा नकाशा करायचं तू त्याच दिवशी ठरवलंस. जुने सरकारी नकाशे होते, पण त्यांत पायवाटा जुन्या, वस्त्या जुन्या. हिवाळ्यात सुट्टी सापडली की तू एस.टी.नं नांदेडला जायचास, मास्तरांकडे मुक्काम करायचास आणि दोघं मिळून टेकड्या पावलांनी मोजायचात. मास्तर ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाईनं पक्कं करायचे. तपकिरी रेषा, काळे दगड, हिरवं दाट रान, आणि पाण्याला निळं.

त्या नकाशाच्या मधोमध, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, एक बारव आहे. दगडी पायऱ्यांची जुनी विहीर. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा ती काठोकाठ होती. तू पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्लीस. तिथला निळा ठिपका मास्तरांच्या हातून ब्रश काढून घेऊन तू स्वतः भरलास, हे मास्तर आजही तक्रारीच्या सुरात सांगतात.

मग पावसानं तोंड फिरवलं. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं असं. पुढच्या वर्षी कोणी काही म्हणेना. मी बातमीसाठी भोकर भागात हिंडलो तेव्हा वाकडी वाट करून बारवेवर गेलो. तळाला भेगा पडल्या होत्या. बाजूच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली, तिच्या सासूनंही ही बारव आटलेली बघितली नव्हती.

लातूरला येऊन मी तुझ्या दुकानात बसलो आणि म्हणालो, निळा ठिपका पूस.

"पुसायचा न्हाई."

"पाणी नाही तिथं. मी बघून आलो."

"नकाशा जमिनीचा असतो. या सालाचा न्हाई."

"नकाशा हातात घेऊन माणूस आज पळणार आहे, मन्मथ. पुढच्या साली नाही."

तू गादीवरची चादर सरळ करत राहिलास. "रातीतून जिल्हा बदलला. डोंगर हलला का? पेपरात आलं म्हणून बालाघाट इकडचा तिकडं गेला का?"

"जिल्ह्याचं सोड. विहीर कोरडी आहे."

"आज हाय. विहीर तर हाय ना? उद्या पाऊस आला तर परत काढू, परत पुसू? तुमचा पेपर रोज छापता, रोज रद्दीत घालता. हे तसं न्हाई."

मी म्हणालो की पळणारी माणसं वजन नको म्हणून पाणी सोबत घेत नाहीत, निळ्याच्या भरवशावर जातात, आणि ही सवय तूच लावली आहेस. यावर तू चादर सोडून कात्री उचललीस, परत ठेवलीस. मग म्हणालास, "पुसलं तर तिकडं कोण जाणार? निळं दिसलं तर माणूस तिथवर जातो तरी. जाऊन बघतो तरी." गिऱ्हाईक आलं. तू लुगडी काढायला उठलास. तो वाद आपण परत उघडला नाही.

त्या उन्हाळ्यात भोकरच्या टेकड्यांत शर्यत ठरली होती; ती पुढे ढकलावी असं बऱ्याच जणांचं मत होतं. तू ऐकलं नाहीस. "पाऊस पडल्यावर बघू म्हणलं की मंडळ मोडतं. मग पाऊस पडला तरी माणसं येत न्हाईत." त्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतून नवी माणसं येणार होती, नर्सबाईंनी दवाखान्यातल्या दोघींना तयार केलं होतं. शाळेला सुट्टी लागली होती, तिथल्या गावानं खोल्या दिल्या. पाण्याच्या घागरी आपण नांदेडहून ट्रकमध्ये घालून पाठवल्या.

आदल्या दिवशी सकाळीच झेंडे लावून व्हायचे होते. एस.टी. भोकरच्या अलीकडे बंद पडली आणि आपण पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी म्हणालो, उन्हं उतरू दे.

"उन्हं उतरली की परत यायला अंधार. तू चहा पी."

"मी येतो सोबत."

"तू उद्या पळणार हायस. तुला नेलं तर चोरी."

हा तुझाच नियम होता आणि सगळीकडे पाळतात तो. खुणा लावणारा एकटा जातो. खुणा कुठं आहेत ते शर्यतीच्या सकाळपर्यंत दुसऱ्या कोणाला कळता कामा नये. लाल वर्तुळांचा नकाशा पाकिटात बंद करून मास्तरांकडे दिलास, झेंड्यांची पिशवी खांद्याला लावलीस, दुसऱ्या खांद्याला ती फेल्टच्या आवरणाची पाण्याची बाटली. शाळेच्या फाटकातून वळताना मागं न बघता म्हणालास, "पेपरवाल्या, माझी बशी भरून ठेव." नेहमीचं वाक्य. 

सावल्या लांबल्या तरी तू आला नाहीस. मास्तरांनी पाकीट हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "फोडू का?" म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की जणू फोडलं तर उद्याची शर्यत गेली. मी म्हणालो, फोडा.

तुझ्याच नकाशावर तुला शोधलं. एकापासून सुरुवात केली आणि झेंडे जिथं वर्तुळं होती तिथंच सापडत गेले, नेमके, ओढ्याच्या वळणाशी म्हणजे वळणाशीच. सहावा सापडला. सातवं वर्तुळ टेकडीपलीकडच्या एका एकट्या मोठ्या धोंड्याभोवती होतं. धोंडा होता, झेंडा नव्हता. म्हणजे तू सहा आणि सातच्या मध्ये होतास. सगळे सरळ रेषेत टेकडीवर चढले, कारण तू नेहमी सरळ रेषेत जायचास आणि मी वळसा घ्यायचो, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. हाका मारल्या. मी टेकडीवर गेलो नाही. नकाशात त्या रेषेच्या डावीकडे निळा ठिपका होता. मी तिकडे गेलो.

तू बारवेच्या पायऱ्यांवर होतास, वरच्या बाजूला, भिंतीला टेकून. डोळे मिटलेले होते. अंग अजून उन्हासारखं गरम होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी हाक मारली. मग बाटली उचलून हलवली. पाणी वाजलं. थोडंथोडकं नव्हतं, सावकाश प्यायला पुरेल एवढं. डॉक्टरांनी नंतर उन्हाचं कारण लिहिलं, तहानेचं नाही. म्हणून तो मथळा चूक आहे.

मास्तर मागून आले. त्यांनीच खाली बोट दाखवलं. तळाशी, शेवटच्या पायरीच्या बाजूला, भिंतीतून फुटलेल्या पिंपळाच्या मुळीला भगवा-पांढरा झेंडा बांधला होता. खडू लटकत होता. झेंड्यावर तुझ्या अक्षरात सात. पिशवीत आठ आणि नऊ शिल्लक होते. तळाशी गारवा होता, सावली होती. तू तिथंच बसून राहिला असतास तर बरं झालं असतं. तू उरलेले झेंडे लावायला वर निघाला होतास.

मन्मथ, इतक्या वर्षांत तुझा एक झेंडा दोन पावलांनी चुकलेला मी पाहिला नाही. दुसऱ्या कोणाचा चुकला तर तू शर्यत रद्द करायचास. डॉक्टर म्हणाले, उन्हानं डोकं भ्रमतं, माणूस भलत्याच जागेला आपली जागा समजतो. शक्य आहे. धोंडा आणि बारव यांत गल्लत होईल इतकं तुझं डोकं भ्रमलं असेल आणि तरी गाठ एवढी नीट बसली असेल. आणि हेही शक्य आहे की तू दुकानातलं बोलणं पुरं करत होतास. निळं पुसायचं नाही. सगळ्यांना तळापर्यंत उतरवायचं, कोरडी माती बघायला लावायची आणि तिथं खडूनं खूण करायला लावायची. दोन्हींपैकी काय खरं ते मला ठरवता येत नाही. माझ्या धंद्यात अशा वेळी आम्ही 'समजते' असा शब्द घालून मोकळे होतो. इथं तो चालत नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी वहिनींकडे गेलो. त्यांच्यापुढं तो पेपर होता. कोणी आणून दिला कोणास ठाऊक.

"भाऊजी, हे खरं हाय का? पाण्यासाठी गेले का तिथं?"

"नाही वहिनी. बाटलीत पाणी होतं. मी स्वतः बघितलं."

त्यांनी पेपराची घडी घातली. "लोक म्हनतेत, नकाशात सोताच काढलेल्या विहिरीनं फसवलं त्यांना. दुकानात येऊन म्हनतेत." मग थोड्या वेळानं, "पाणी होतं तर मग कशाला उतरले?"

"झेंडा लावायला."

"तिथंच लावायचा होता?"

मी पेपराच्या घडीकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "हे म्हनायचे, पेपरवाला खडूस हाय, पर न बघितलेलं सांगत न्हाई."

"हो," मी म्हणालो. "तिथंच लावायचा होता."

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. पाकिटातला तो कागद, धोंड्याभोवती लाल वर्तुळ असलेला, तेव्हा माझ्या पिशवीत होता.

काल नांदेडला मास्तरांच्या घरी मंडळाची माणसं जमली. लातूरहून नर्सबाई आल्या होत्या, तुझा शिंपी आला होता. मंडळ चालू ठेवायचं ठरलं.  नियम एकच बदलला: यापुढे प्रत्येकानं आपलं पाणी आपल्या खांद्यावर न्यायचं, नकाशात काहीही असो. तुझा नकाशा छापायचा हेही ठरलं. छापखाना आमच्या पेपराचा म्हणून शेवटची दुरुस्ती माझ्याकडे.

बाकीचे गेल्यावर मास्तरांनी ट्रेसिंग पसरलं, दिवाळीच्या पणत्यांएवढ्या छोट्या वाट्यांत शाया काढल्या आणि निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ठेवू का पुसू?"

"ठेवा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. वाद त्यांनाही माहीत होता. मग मी आणलेला लाल वर्तुळांचा कागद त्यांनी वर ठेवला. "आणि सातवी?"

मी बारवेवर बोट ठेवलं. पाकीट त्यांनीच फोडलं होतं, धोंड्यापाशी तेही उभे होते.  त्यांनी पातं घेऊन धोंड्याभोवतीचं वर्तुळ खरवडलं, बोटानं भुगा झटकला, आणि निळ्या ठिपक्याभोवती नवं वर्तुळ काढलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो.

शर्यत कधी ते अजून ठरलेलं नाही. त्या गावाला टँकर येतो, एक दिवसाआड. शर्यत होईल तेव्हा झेंडा शेवटच्या पायरीशी असेल, त्याच मुळीला. पाणी आलं तर तो वर घ्यावा लागेल. वहिनींना मी जे सांगितलं ते सांगताना खरं नव्हतं. आता आहे.